डेस्फेरल चालूय का?

मी हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, ब्लड कल्चरच्या बाटल्या रोज येतातच, पण ही एक बाटली काही डोक्यातून जात नाही. थॅलेसेमियाची शाळकरी मुलगी, सडकून ताप, पोटात उजवीकडे खाली दुखतंय, सर्जनला अपेंडिक्स वाटत होतं. बाटली पॉझिटिव्ह आली, ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात तो) आखूड गुलाबी दांडे, मॅकॉन्की नावाच्या, जंतू वाढवायच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या फिकट कॉलनीज. मोटिलिटी म्हणजे जंतू हलतो का ते बघायची टेस्ट लावली तर 37 डिग्रीला ढिम्म, आणि 25 डिग्रीच्या ट्यूबमध्ये वाढ मस्त पसरलेली! तिथेच येर्सिनिया एंटेरोकोलिटिका हा बॅक्टेरिया डोक्यात आला आणि बाकीच्या टेस्ट पूर्ण व्हायची वाट न बघता वॉर्डात फोन लावला.

"डेस्फेरल चालूय का?"

"हो मॅडम, रात्री पंप लावतात. का हो?"

तर सांगते. वारंवार रक्त चढवून अंगात साचलेलं लोह बाहेर काढायला डेस्फेरल देतात, पण हे मूळचं स्ट्रेप्टोमायसिस पायलोसस या मातीतल्या बॅक्टेरियाचं रसायन, त्याने स्वतःसाठी लोह पकडायला बनवलेलं. रक्तात मोकळं लोह जवळपास नसतंच, ट्रान्सफेरिन नावाचं रक्तातलं प्रोटीन ते धरून बसतं, त्यामुळे जंतूंची उपासमार होते. येर्सिनियाच्या बऱ्याच जातींना स्वतःचं असं रसायन बनवता येत नाही, पण दुसऱ्याचं उचलायला पेशीच्या बाहेरच्या मेम्ब्रेनवर म्हणजे आवरणावर फॉक्सए नावाचं प्रोटीन असतं आणि ते लोहासकट डेस्फेरल बरोब्बर धरतं. आता एवढा मोठा रेणू साध्या पोरिनमधून, म्हणजे मेम्ब्रेनमधल्या बारीक भोकांतून, जात नाही, शिवाय बाहेरच्या मेम्ब्रेनपाशी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, नसतं, मग ताकद येते आतल्या मेम्ब्रेनवरच्या प्रोटॉनच्या फरकातून, टॉनबी नावाचं प्रोटीन ती ताकद पोचवतं, फॉक्सए आतून ओढलं जातं, वाट मोकळी होते आणि माल दोन मेम्ब्रेनच्या मधल्या जागेत. तिथून पुढे पेशीत न्यायला एटीपी जाळणारा वेगळा ट्रान्सपोर्टर. इतक्या चिमुकल्या जिवाची ही सोय बघून मला अजूनही थक्क व्हायला होतं, पण त्या दिवशी पोटात गोळाच आला होता, कारण रोज रात्री आपणच त्याला लोह पोचवत होतो.

पंप लगेच बंद केला, सेफ्ट्रियाक्झोन आणि जेंटामायसिन सुरू झालं, ऑपरेशन टळलं, पोरगी बरी होऊन घरी गेली. आमच्याकडे आलेल्या फॉर्मवर मात्र फक्त "फिव्हर, थॅलेसेमिया" एवढंच होतं. रेसिडेंट मंडळी, कृपा करून चिलेशन (लोह बाहेर काढायचं औषध) कुठलं चालूय तेही लिहीत जा, आणि अशा पेशंटला ताप आला की कल्चर यायच्या आधीच डेस्फेरल थांबवा.