दहा मिलिसेकंदांत बुडालेला बेस

"दादा, तुमच्या गाण्यातच बेस नाही," असं साऊंडवाले काका म्हणाले तेव्हा मी हसलो होतो. गेल्या मे महिन्यातली गोष्ट, पण ते हसू अजून मलाच टोचतंय.

उरणकडच्या एका गायक मुलाचं हळदीचं गाणं माझ्याकडे होतं. ढोलकी खरी, बाकी सगळं लॅपटॉपमधलं. त्याच्या चुलतभावाच्या हळदीलाच ते पहिल्यांदा वाजणार होतं. आदल्या रात्री दीड वाजता त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, बेस कसा कानात फिरला पाहिजे." ही पोरं आयुष्यभर इअरबडवरच ऐकतात, त्यांना दुसरं काय सुचणार? शेजारी झोपलेले, म्हणून स्पीकर बंद ठेवून मी हेडफोनवर बसलो. बेसची डावी बाजू जागेवर ठेवली, उजवी १० मिलिसेकंद मागे सरकवली. जुनी युक्ती आहे. आवाज डोक्याच्या दोन्ही अंगांना पसरतो. मुलगा खूश झाला, फाईल गेली, मी झोपलो. मोनोचं, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करणारं बटण दाबून एकदा ऐकणं हा माझा रोजचा नेम. त्या रात्री राहिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवाबाहेर अठरा इंची बेस बॉक्सची रांग उभी होती. गाणं लागलं. किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, छातीवर आदळत होती, ढोलकी खणखणीत, आणि बेसच्या जागी नुसती गुणगुण. मी काकांना लो, म्हणजे खालचे जाड सूर, वाढवायला लावला. मग खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या बॉक्सना वाटणारा क्रॉसओव्हर बघा म्हटलं. मग चार लोकांसमोर म्हणालो, एखाद्या बॉक्सची वायर उलटी लागली असेल.

काका शांतपणे म्हणाले, "किक येतेय ना? ती याच बॉक्समधून येतेय ना? मग?"

याला उत्तर नव्हतं. तरी मी बोलतच राहिलो, कारण स्टुडिओवाल्यांना वाटतं की कान फक्त आपल्यालाच आहेत.

शेवटी गाडीत बसून लॅपटॉप उघडला. लोमध्ये गडबड दिसली की आमच्यातला कुणीही डोळे मिटून एकच इलाज करतो: १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० लाटांच्या, खालचं सगळं मोनो. केलं. आणि हेडफोनमध्येसुद्धा बेसचं बुड गायब! तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

गाण्याचा खालचा सूर ४९ हर्ट्झचा. त्याच्या एका लाटेला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. मी उजवी बाजू जवळजवळ अर्धी लाट मागे ढकलली होती. डावीकडे उंचवटा असताना उजवीकडे खड्डा. हेडफोनमध्ये दोन कान वेगळे, म्हणून भांडण नाही. पण असले डीजे सेट बहुतेक मोनोच चालवतात, नाहीतर एका टोकाला नाचणाऱ्याला अर्धंच गाणं मिळेल. तिथे दोन्ही बाजू एकत्र आल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. मूळ सूर गेला, त्याची तिप्पट, १४७ हर्ट्झही गेली. दुप्पट, ९८ मात्र जवळजवळ पूर्ण एक लाट सरकलेली, म्हणून शाबूत राहिली. तीच ती गुणगुण. किक मी मध्यभागी ठेवलेली, तिला हातही लावला नव्हता. काकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. हर्ट्झचा हिशेब न मांडता.

म्हणजे १२० खालचं मोनो करणं हे औषध नव्हतंच, ते विष पक्कं करत होतं. आधी ती १० मिलिसेकंदांची सरक काढली. मग बेसचे दोन भाग केले: खाली साधी, एकाच सुराची साइन लाट, अगदी मधोमध, वरचा भाग १५० हर्ट्झखाली कापून टाकला आणि तेवढाच पसरवला. मुलाला कानात फिरायला तो पुरेसा होता. किक पडताना बेस खाली दबावा म्हणून लावलेला साइडचेन तसाच ठेवला. वीस मिनिटांचं काम, त्यातली दहा मिनिटं हात थरथरण्यात गेली.

पेनड्राइव्ह काकांच्या हातात दिला. वायरीबद्दल जे बोललो होतो त्याची माफी मागायची होती, पण मी फक्त "नवीन फाईल आहे" एवढंच म्हणालो.

गाणं लागलं. मांडवाचे पत्रे थरथरायला लागले, मुलगा नाचत आत पळाला. काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. माझ्या सांगण्यावरून वाढवलेला लो त्यांनी तेवढा पुन्हा खाली आणला.