आमची वाटचाल : उरणचं सेफ्टी व्हॉल्व्ह वर्कशॉप

मुंबई हायमध्ये 1974 साली तेल सापडलं, 1976 पासून निघू लागलं आणि पुढे तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येऊ लागले. त्या वायूवर थळचा खत कारखाना, उसरचा एलपीजी प्रकल्प, उरणचं वीज केंद्र चाललं. शटडाऊन, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद, लागला की इथल्या खानावळी, भाड्याच्या खोल्या, हायड्रा क्रेनवाले, नायट्रोजनचे सिलिंडर पुरवणारे, सगळ्यांच्या हाताला काम. आमच्याकडे येतात ते व्हेसलवरून, म्हणजे दाबाच्या टाकीवरून, उतरवलेले सेफ्टी व्हॉल्व्ह: दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की आपोआप उघडून तो बाहेर सोडणारे.

आलेला व्हॉल्व्ह आम्ही लगेच उघडत नाही. आहे तसा चाचणीच्या बेंचवर घेतो आणि तो किती दाबाला उडतो, म्हणजे उघडतो, ते नोंदवतो, कारण इतके दिवस व्हेसलला खरं संरक्षण होतं की नाही, हे त्या एकाच आकड्यात कळतं. मग स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या ॲडजस्टिंग स्क्रूची उंची मोजायची, व्हॉल्व्ह परत किती दाबाला बंद होईल ते ठरवणाऱ्या ब्लोडाऊन रिंगचे खाचे मोजून लिहायचे, त्यानंतर उघडायचा. डिस्क (आतली झडप) आणि नोझल (ती जिथे टेकते ते तोंड) बिडाच्या लॅपिंग प्लेटवर वेगवेगळे घासायचे. एकमेकांवर घासले की सीटवर, म्हणजे दोन्ही टेकतात त्या पृष्ठभागावर, चर पडतो आणि ती सीट पुढे कधीच दाब धरत नाही. प्लेटही वेळच्या वेळी सपाट करून घ्यावी लागते. सेटिंग झालं की सेट प्रेशरच्या (व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडायला हवा त्याच्या) 90 टक्क्यांवर बबल टेस्ट, म्हणजे गळतीची चाचणी: नळीचं तोंड पाण्याखाली अर्धा इंच. साध्या दाबाच्या मेटल सीटला एफ ऑरिफिसपर्यंत (ऑरिफिस म्हणजे आतलं भोक, त्याचे आकार अक्षरांनी ओळखतात) मिनिटाला 40 बुडबुडे चालतात, त्याहून मोठ्याला 20.

2014 च्या मध्यात पिंपाला 110 डॉलरवर असलेलं ब्रेंट कच्चं तेल 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली गेलं आणि आमचं वर्कशॉप बंद पडायच्या बेतात आलं. शटडाऊन पुढे ढकलले गेले, झालेल्या कामाची बिलं अडकली, बँक गॅरंटीचं कमिशन मात्र चालूच. त्यातच बाहेरच्या एका स्पर्धकाने आमच्या लॅपिंगच्या मजुरीपेक्षाही कमी दर भरला. एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा, तो. काम त्याला. व्हॉल्व्ह वरून वाळूच्या माऱ्याने साफ (ब्लास्टिंग) करून, रंग मारून, नवा टॅग लावून परत गेले. सीटवरचे जुने ओरखडे जसेच्या तसे. तो राग अजून गेलेला नाही.

हे उघड झालं एका बॉटलिंग प्लांटच्या देखभाल साहेबांमुळे. प्लांट सुरू होताच व्हॉल्व्ह सेट प्रेशरच्या आधीच गळू लागले, तेव्हा त्यांनी ते आमच्या बेंचवर पाठवले आणि स्वतः समोर उभं राहून उघडून घेतले. पडत्या काळात त्यांचं काम नियमित येत राहिलं, पैसेही बोललेल्या तारखेला. त्यावर कामगारांचे पगार निघाले.

नव्या वर्कशॉपवाल्यांनी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करावी. सरकारी कंपन्यांच्या टेंडरला अनामत रक्कम माफ होते, आणि दर एल-वनच्या 15 टक्क्यांच्या आत असेल तर एल-वनचा दर मान्य करून कामाचा हिस्सा मिळू शकतो. काम स्वीकारल्याची लेखी पोच तारखेसह घ्या. त्या तारखेपासून 45 दिवसांत पैसे आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. पुढचं टेंडर जाईल या भीतीने ते कुणी मागत नाही, म्हणून निदान बिल ट्रेड्सवर (बिल वटवून पैसे लवकर मिळवायची ऑनलाइन सोय) घालता येतं का ते ऑर्डर घेतानाच विचारा.

आणि प्लांटवाल्यांना एक सांगणं: व्हॉल्व्ह टेम्पोत आडवा टाकू नका. उभा बांधा, दोन्ही फ्लँजना झाकणं लावा. आडव्या प्रवासात आतले भाग सरकतात, सीटला मार बसतो आणि बेंचवर पास झालेला व्हॉल्व्ह साइटवर गळतो.