एकाच मशीनवर तीन जावा: व्हर्जनचा घोळ मी कसा सोडवला

मशीनवर जावा ८ आधीपासून होता, कारण एक जुना प्रोजेक्ट अजून त्यावरच चालतो. नवा प्रोजेक्ट स्प्रिंग बूट ३ या फ्रेमवर्कचा, म्हणजे किमान जावा १७ हवाच. १७ टाकला, टर्मिनलमध्ये ‘जावा -व्हर्जन’ दिलं, १७ दिसला. तरीही कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या मेव्हन या टूलने बिल्ड पाडलं ते पाडलंच: ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज: १७’.

अशा वेळी जावा काढून पुन्हा टाकण्याचा मोह होतो. त्याने काही होत नाही, फक्त अर्धा तास जातो. आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते की कामाचे जावा तीन असतात: कोड कंपाइल करणारा, मेव्हन किंवा त्याच्यासारखंच ग्रेडल हे टूल स्वतः ज्यावर चालतं तो, आणि तयार जार (प्रोग्रॅमची एकत्र बांधलेली फाइल) शेवटी ज्यावर चालते तो. हे तिन्ही एकच असतील असं कुठेच लिहिलेलं नाही. ‘जावा -व्हर्जन’ यातल्या एकाबद्दलच सांगतं: पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) सर्वांत आधी कोण सापडला.

तिघांतला नेमका कोण चुकतोय, हे एररच्या शब्दांतच असतं. ‘इनव्हॅलिड टार्गेट रिलीज’ किंवा ‘रिलीज व्हर्जन १७ नॉट सपोर्टेड’ आलं तर कंपायलर जुना आहे. ‘क्लास फाइल हॅज राँग व्हर्जन ६१.०, शुड बी ५२.०’ आलं तरीही कंपायलरच जुना, फक्त इथे त्याला एखादी नवी लायब्ररी वाचता येत नाहीये. ‘अनसपोर्टेड-क्लास-व्हर्जन-एरर’ मात्र चालवताना येते: क्लास (कंपाइल झालेला कोड) नव्या जावाने बनवला, चालवणारा जुना. आणि ग्रेडलने ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१’ म्हटलं, तर तिथे उलटा मामला असतो. जावा नवा आहे, ग्रेडल जुनं आहे.

हे ५२, ६१ पाठ करायची गरज नाही. त्यातून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. हा आकडा प्रत्येक क्लास फाइलच्या सुरुवातीलाच असतो. पहिले चार बाइट ‘कॅफेबेब’ ही ओळखखूण, पुढचे दोन मायनर, त्यापुढचे दोन मेजर. हेक्स एडिटर उघडायला नको. जावासोबतच येणाऱ्या ‘जावापी -व्ही’ला क्लास दिला की ‘मेजर व्हर्जन’ची ओळ सुरुवातीलाच छापून येते.

आता माझ्या मशीनकडे. ‘एमव्हीएन -व्ही’ दिलं. त्यात मेव्हनच्या आवृत्तीखाली ‘जावा व्हर्जन’ आणि ‘रनटाइम’ असतं, आणि ‘रनटाइम’पुढे जावाच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. तिथे सरळ १.८ होता. मेव्हन पाथ बघत बसत नाही, ‘जावा_होम’ (जावाच्या फोल्डरचा पत्ता सांगणारा सिस्टिममधला व्हेरिएबल) सेट असेल तर तोच वापरतो, आणि माझा जावा_होम अजून जुन्या फोल्डरकडे बोट दाखवत होता. तो बदलला. बदलताना शेवटी ‘बिन’ लावायचं नाही, ते फक्त पाथमध्ये लावायचं. ही चूक फार जण करतात.

विंडोजवर आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. ‘व्हेअर जावा’ दिलं की पाथमधले सगळे जावा क्रमाने दिसतात, आणि वरचा जिंकतो. ओरॅकलचा इन्स्टॉलर ‘जावापाथ’ नावाचं फोल्डर सिस्टिम पाथमध्ये घालून ठेवतो. सिस्टिम पाथ आधी, युझर पाथ नंतर जोडला जातो, त्यामुळे युझर पाथमध्ये तुम्ही कितीही पहिल्या जागी १७ ठेवा, त्याचा नंबर जावापाथच्या मागेच लागतो. ती नोंद काढा किंवा आपली नोंद सिस्टिम पाथमध्ये तिच्या वर न्या. पाथ बदलायला ‘सेटएक्स’ वापरू नका; १०२४ अक्षरांनंतरचं सगळं ते कापून टाकतं, आणि हे कळतं तेव्हा इतर चार टूल्स बंद पडलेली असतात. बदल केल्यावर टर्मिनल नवं उघडा. आयडीईच्या (कोड लिहायच्या ॲपच्या) आतलं टर्मिनल असेल तर आख्खी आयडीई बंद करून उघडा, कारण ती सुरू होतानाची जुनी व्हॅल्यू धरून बसते.

उबुंटू आणि डेबियनवर ‘अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा’ करून निवड बदलते, पण जावासीची, म्हणजे कंपायलरची, निवड वेगळी असते, ती तशीच दुसऱ्यांदा करावी लागते. नाहीतर चालवणारा १७ आणि कंपाइल करणारा ११ असा विचित्र जोड तयार होतो. जावा_होमला ही कमांड हात लावत नाही. मॅकवर सगळ्यांत सोपं: ‘/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही १७’ हे बरोबर फोल्डरचा पत्ता देतं, तोच शेलच्या फाइलमध्ये जावा_होमला द्यायचा.

टर्मिनलमधलं बिल्ड सुरळीत झालं, तरी इंटेलिजे या आयडीईमधून चालवताना एरर राहिली. इंटेलिजेत प्रोजेक्ट एसडीके (प्रोजेक्टला नेमलेला जावा), प्रत्येक मॉड्यूलची लँग्वेज लेव्हल, जावा कंपायलरमधलं टार्गेट बाइटकोड आणि मेव्हन रनरचा जेआरई अशा चार जागा आहेत. ग्रेडल असेल तर ‘ग्रेडल जेव्हीएम’ ही पाचवी. एकेक हाताने दुरुस्त करून उपयोग नाही, कारण प्रोजेक्ट रीलोड केला की लँग्वेज लेव्हल आणि टार्गेट पुन्हा पॉम या मेव्हनच्या सेटिंग फाइलमधून वाचले जातात. म्हणून आधी पॉम नीट करायची, मग रीलोड, मग एसडीके आणि रनर तपासायचे. इक्लिप्समध्येही तेच: पॉम दुरुस्त करून ‘मेव्हन, अपडेट प्रोजेक्ट’, नंतर ‘इन्स्टॉल्ड जेआरई’ बघायचं.

पॉममध्ये काय लिहायचं, यावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांत फसवी चूक इथली आहे. जुना प्रोजेक्ट जावा ८ वर चालणार, पण आता मशीनवर १७, म्हणून ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ दोन्ही ८ केले. बिल्ड हिरवं. जावापी ५२ दाखवतं. जावा ८ वर चालवलं की मात्र ‘नो-सच-मेथड-एरर’, आणि तीही बाइटबफरच्या ‘फ्लिप’ या वर्षानुवर्षं असलेल्या मेथडवर! कारण असं: टार्गेट फक्त क्लास फाइलवरचा आकडा ठरवतं, लायब्ररी मात्र १७ चीच वापरली जाते. जावा ९ मध्ये बाइटबफरने स्वतःची फ्लिप घेतली, जी बाइटबफर परत देते. जावा ८ मध्ये ती वरच्या बफर क्लासची होती आणि बफर परत द्यायची. कंपायलरने नव्या मेथडची सही क्लासमध्ये कोरून ठेवली, आणि जुन्या जावाला त्या सहीची मेथड सापडेना.

यावर उपाय ‘मेव्हन.कंपायलर.रिलीज’. जावा ९ पासून कंपायलरला ‘--रिलीज’ हा पर्याय आला; तो भाषा, आकडा आणि लायब्ररी तिन्ही त्या आवृत्तीला बांधतो. सोर्स-टार्गेट काढून टाका, रिलीज ८ लिहा. फक्त हे जावा ८ च्या कंपायलरला कळत नाही, तो ‘इनव्हॅलिड फ्लॅग’ म्हणून ओरडतो. टीममध्ये कोणी अजून ८ वरच बिल्ड करत असेल, तर त्यांनाही वर यावं लागेल.

ग्रेडलचं थोडक्यात सांगतो. जावा १७ वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतं, २१ वर ८.५. आवृत्ती बदलायची ती रॅपरच्या (प्रोजेक्टसोबत येणाऱ्या, ग्रेडल चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या) प्रॉपर्टीज फाइलमधल्या डिस्ट्रिब्यूशन यूआरएलमध्ये. मशीनवर वेगळं ग्रेडल टाकलं तरी रॅपर त्याला विचारत नाही. अँड्रॉइडवाल्यांनी एवढं धरावं की अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ ला जावा १७ लागतो. बदलण्याआधी ‘ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप’ द्या म्हणजे जुन्या जावावरचे डीमन (मागे चालू राहिलेल्या ग्रेडलच्या प्रोसेस) उरत नाहीत.

आवृत्त्या जुळल्यावर लॉम्बॉक, म्हणजे ठरावीक कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी, उठतो. तो कंपायलरच्या पोटात हात घालतो, त्यामुळे जावा १६ पासूनच्या बंदिस्तपणात जुना लॉम्बॉक ‘इलिगल-ॲक्सेस-एरर’ देतो. २१ वर जाणार असाल तर १.१८.३० किंवा पुढचाच घ्या, नाहीतर ‘क्वालिड’ नावाच्या फील्डबद्दलची अगम्य एरर बघावी लागेल. हा मिसमॅच वाटत नाही, पण आहे तोच. ८ वरून ११ किंवा पुढे जाताना ‘जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड’ हे एक्सएमएलसाठीचं पॅकेज गायब झालेलं दिसेल. ते जावा ११ मधून काढलं गेलं, वेगळी डिपेंडन्सी (बाहेरून आणलेली लायब्ररी) म्हणून जोडा.

इतकं करूनही चालवताना एरर राहिली, तर एररमधलं क्लासचं नाव वाचा. क्लास तुमचा असेल तर ‘एमव्हीएन क्लीन’ करा, टार्गेट फोल्डरमध्ये जुन्या बिल्डचे अवशेष असतात. क्लास दुसऱ्याचा असेल तर ‘एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री’ने तो कुठल्या लायब्ररीतून आला ते शोधा आणि त्या लायब्ररीची तुमच्या जावाला चालणारी आवृत्ती घ्या. जार उलगडून बघताना ‘मेटा-इन्फ/व्हर्जन्स’ खाली ५३ किंवा ६१ चे क्लास दिसले तर घाबरू नका. जावा ८ त्या फोल्डरकडे बघतच नाही.

दोन्ही प्रोजेक्ट एकाच मशीनवर ठेवायचे असल्याने लिनक्सवर मी आता एसडीकेमॅन हे जावाच्या आवृत्त्या बदलणारं टूल वापरतो. प्रत्येक प्रोजेक्टच्या मुळाशी ‘.एसडीकेमॅनआरसी’ फाइल, तिच्यात जावाची पूर्ण आवृत्ती. फोल्डरमध्ये शिरून ‘एसडीके ईएनव्ही’ दिलं की पाथ आणि जावा_होम दोन्ही एकदम बदलतात. फाइल गिटमध्ये टाकली आहे, शेजारी पॉममधला रिलीज आकडा आणि सीआयच्या (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरच्या) फाइलमधला जावा. या तीन जागचे आकडे एकमेकांशी जुळले की पुढच्या माणसाला ‘एमव्हीएन -व्ही’ देण्यापलीकडे काही शोधावं लागत नाही.