बुधवारी चार ते सहा

मॅनेजमेंटच्या पीएचडीला नमुना किती घ्यायचा, म्हणजे किती जणांकडून उत्तरं भरून घ्यायची, हा प्रश्न पुण्यात कुणाला पडत नाही. 384. क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या 1970 च्या तक्त्यात दहा लाखांच्या समूहापुढे हा आकडा आहे आणि आपल्याकडे तो रामरक्षेसारखा पाठ असतो.

माझ्या विद्यार्थ्याकडेही 384 उत्तरं होती. विषय, लहान कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, कितपत रुजलं. प्रश्नावली डेव्हिस यांच्या 1989 च्या मॉडेलवर बेतलेली. सिस्टिम उपयोगाची वाटते का, सोपी वाटते का, यावरून माणूस ती वापरेल का याचा अंदाज. क्रोनबाख अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, चालतं त्या 0.7 च्या बराच वर. मला ते जरा जास्तच गोड वाटलं. म्हटलं, चल, एखादं युनिट दाखव.

भोसरी एमआयडीसीत गेलो. स्टोअरचे काका म्हणाले, "सिस्टिम एक नंबर आहे मॅडम." तेवढ्यात मशीनवरचा एक मुलगा इन्सर्ट, म्हणजे कापायच्या हत्याराची बदलायची टोकं, न्यायला आला. काकांनी लाल बांधणीचं रजिस्टर ओढलं, नग लिहिले, सही घेतली. कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मटेरियल इश्यूचा, म्हणजे स्टोअरमधून माल दिल्याचा, सिस्टिममधला रिपोर्ट मागितला. त्यात दोन तारखा असतात. व्यवहाराची तारीख माणूस टाकतो, ती मागची टाकता येते. नोंद झाल्याची वेळ सिस्टिम स्वतः आपल्या लॉगमध्ये टाकते, पण छापील रिपोर्टवर ती सहसा येतच नाही. काकांनी तो कॉलम काढून दिला. व्यवहार आठवडाभर नीट पसरलेले. नोंदी मात्र सगळ्या बुधवारच्या, दुपारी चार ते सहा. गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी सकाळी मालकांची मीटिंग. म्हणजे महिनोन् महिने स्टॉक तंतोतंत जुळतो, फक्त मीटिंगपुरता.

"मग मधल्या दिवसांत परचेसवाले स्टॉक कुठे बघतात?"

"मला विचारतात की."

'मी ही सिस्टिम नियमित वापरतो' यापुढे काकांनी 5 वर, म्हणजे 'पूर्ण सहमत'वर, खूण केली होती. खोटं काय त्यात? दर बुधवारी, न चुकता.

सल्लागार समितीत हे मांडलं तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "लॉगबिग कशाला? अल्फा उत्तम आहे, सबमिट करा." माणूस भला आहे, पण कारखान्याची पायरी शेवटची कधी चढलेत देव जाणे. आमच्याकडे सॉफ्टवेअरमधून स्ट्रक्चरल मॉडेल काढणारे खंडीभर सापडतील, जीआरएन, म्हणजे माल आल्याची साधी पावती, हातात धरलेला एखादाच.

विद्यार्थ्याला आता प्रत्येक युनिटचे लॉग हवे आहेत. बरोबरच आहे. पण ते मालकांच्या परवानगीनेच मिळणार, आणि मालकांनी तो कॉलम एकदा पाहिला की पहिली हाक काकांनाच जाणार. युनिटचं नाव गाळलं तरी भोसरीत अशा गोष्टी किती दिवस लपतात? आमच्या एथिक्सच्या फॉर्ममध्ये उत्तर देणाऱ्याची संमती आहे. त्याच्या साहेबाचं काय करायचं, याला रकाना नाही. पोरगा येत्या शुक्रवारीच मालकांना भेटतो म्हणतोय. तूर्त त्याला थांबवलंय.