एका दिवसात तीन टोप्या

आमच्या गावात गॉगल पहिल्यांदा आला तो नेत्रशिबिरातून. तालुक्याला मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची आणि आठवड्याभरात गल्लीतली दोन-चार म्हातारी माणसं काळे चष्मे लावून ओट्यावर बसलेली दिसायची. कडेनंसुद्धा उजेड शिरू नये म्हणून त्या चष्म्यांना बाजूला पडद्या असायच्या. दुसरा गॉगल सिनेमाच्या पोस्टरवर. त्यामुळे अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम साधा होता : "काळा चष्मा एक तर आपरेशन झालेल्यानं घालावा, न्हाय तर शिनेमातल्यानं." मी अकरावीत जत्रेतून वीस रुपयांचा गॉगल आणला, तेव्हा या दोन्ही याद्यांत माझं नाव नव्हतं. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर तिघांनी "काय हिरो!" म्हटलं आणि तो गॉगल पत्र्याच्या ट्रंकेत गेला तो गेलाच.

पन्नाशीला टेकल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी पळायला लागलो. पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये कुणी कुणाला हिरो म्हणत नाही, कारण तिथे सगळेच तसे. पहाटे साडेपाचला, पूर्वेला अजून तांबडंही फुटलेलं नसताना कपाळावर गॉगल चढवून आलेली माणसं मी पाहिली आहेत. तरी मला बरेच महिने तो घ्यायचा धीर झाला नाही. अण्णा जाऊन बारा वर्षं झाली होती, पण दुकानात गॉगल डोळ्यांवर लावून आरशात बघितलं की ते मागे उभे असल्यासारखे वाटायचे.

टोपीचं तसं नव्हतं. टोपी घरातलीच.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तिथून परत फिरायचं. मी पळालो त्या वर्षी धुकं होतं आणि सारखी भुरभुर. तेव्हा कळलं की टोपी नुसती उन्हासाठी नसते. ज्याला नंबरचा चष्मा आहे त्यालाच तिच्या पुढे आलेल्या चोचीची किंमत ठाऊक. ती नसती तर अर्धा घाट मी काचा पुसण्यात घालवला असता.

पण टोप्यांची खरी गंमत गोव्यात. पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही शर्यत भरते. आकडा मैलांचा आहे. आपल्या हिशेबात समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, मग ९० किलोमीटर सायकल आणि त्यावर २१.१ किलोमीटर पळणं, मध्ये कुठेही न बसता. त्या दिवशी एकाच डोक्यावर तीन टोप्या चढतात. पहिली पोहण्याची, रबराची. ती आयोजकच देतात आणि ती भडक असते, कारण लाटांमध्ये माणसाचं डोकं दिसायला हवं. डोक्यावर चढवताना केस उपटते म्हणतात. मला तो त्रास नाही. दुसरी टोपी म्हणजे हेल्मेट. त्याचा पट्टा हनुवटीखाली अडकवल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावायचा नाही, असा कडक नियम. तिसरी पळण्याची, आणि तेवढीच काय ती तुमच्या मर्जीची. एरवी मराठीत टोपी फिरवणारा माणूस लबाड समजतात. इथे टोपी न फिरवणारा बाद होतो.

मी जवळजवळ झालोच होतो. सायकल जागेवर लावली, बूट बदलले, बिब, म्हणजे नंबराचा कागद, पुढे घेतला आणि निघालो पळायला. शंभर एक पावलं गेलो असेन. लोक टाळ्या वाजवत होते, त्यातले काही जरा जास्तच हसत होते. मला वाटलं, गोव्याची माणसं, आनंदी स्वभाव. शेवटी एक स्वयंसेवक मुलगी शेजारी धावत आली आणि म्हणाली, "काका, हेल्मेट!" ते मी डोक्यावरच घेऊन चाललो होतो. मागे जाऊन हेल्मेट ठेवलं आणि पांढरी टोपी घातली. अर्धा मिनिट गेला, आणि अब्रू.

टोपी की व्हायझर, यावर आमच्या ग्रुपमध्ये निवडणुकीसारख्या दोन पार्ट्या आहेत. व्हायझरला नुसती चोच आणि पट्टा, वरून मोकळं. व्हायझरवाले सांगतात की डोक्यातली उष्णता वरून निघून जाते. माझं निरीक्षण असं, की व्हायझरची बाजू घेणाऱ्या सगळ्यांना दाट केस आहेत. ज्यांचं छप्पर उडालेलं आहे त्यांना वरून काय निघून जातं यापेक्षा वरून काय पडतं याची काळजी. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातूनच जाते, हेही सगळे छातीठोकपणे सांगतात, पण ते खरं नाही. डोकं आणि मान मिळून शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा भरतो. उष्णताही साधारण त्याच मानानं जाते. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, आणि गोव्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता ठिबकतो. टोपी अशा वेळी उपयोगी पडते ती ओली केल्यावर. हायड्रेशन पॉइंटवर बर्फाचे चार खडे मिळतात. ते टोपीत टाकायचे आणि तशीच डोक्यावर दाबायची. पहिल्या क्षणी कवटी दुखते, मग पाणी कानामागून पाठीवर उतरतं आणि पुढचा एक किलोमीटर माणूस पुन्हा माणसात येतो. कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीत भर जुलैत २१७ किलोमीटरची बॅडवॉटर शर्यत होते. समुद्रसपाटीच्याही खाली ८६ मीटरवर ती सुरू होते. तिथे पळणारेही बर्फच वापरतात, टोपीत आणि गळ्याभोवतीच्या रुमालात.

आई मला निघताना म्हणाली होती, "टोपीत कांदा ठेव." मी बर्फ ठेवला. पाणी पाठीवरून उतरताना अण्णा आठवले.

अण्णा वारीला जायचे. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटर, पायात टायरच्या चपला आणि डोक्यावर खादीची पांढरी टोपी. दिवे घाटाचा चढ लागला की टँकरच्या पाण्यात टोपी बुचकळायची, न पिळता डोक्यावर ठेवायची आणि पुढे चालायचं, हे त्यांच्याकडून मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. वाळली की पुन्हा बुचकळायची. नीरेला पाण्याला तोटा नाही. रात्री मुक्कामाला तीच टोपी साबण लावून धुवायची आणि सकाळी ओलसर असतानाच घडी मोडून घालायची. मी मिरामारला जे केलं त्यात त्यांना नवीन काही दिसलं नसतं, बर्फ सोडला तर. एवढे पैसे भरून हे करायचं म्हटल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, तेही मला चांगलं माहीत आहे.

गॉगल अखेर मी घेतला तो सायकलसाठी. ताशी तीस किलोमीटरनं जाताना एक चिलट डोळ्यात गेलं तरी दिवस फुकट. पळताना तो ठेवला कारण डोळे बारीक करून करून कपाळ आणि जबडा आवळले जातात, मग मान, मग खांदे, आणि दोन तासांनी माणूस मुठी आवळून पळतोय हे त्याचं त्यालाच कळत नाही. दुकानदारानं यूव्ही ४०० म्हणजे काय तेही समजावलं. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण ती काच अडवते. नुसती काळी, स्वस्त काच उलट वाईट. अंधार समजून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण आत जायला दार उघडं. म्हणजे जत्रेतला गॉगल ट्रंकेत गेला ते बरंच झालं.

पण त्याचा खरा उपयोग मला सोळाव्या किलोमीटरला कळला, आणि तो उन्हाचा नव्हता.

तोवर माझं सगळं संपलं होतं. मांड्यांना पेटके येत होते, ताकदीसाठी गिळलेलं जेल पोटात ढवळत होतं, त्याच त्या रस्त्याच्या फेऱ्या मारताना फिनिशच्या माइकचा आवाज जवळ येत होता आणि परत लांब जात होता. कट-ऑफला, म्हणजे शर्यत संपवायच्या मुदतीला, वेळ होता, तरी थांबावंसं वाटत होतं. घाम आणि सनस्क्रीन मिळून डोळ्यांत उतरलं होतं आणि नुसतं तेच उतरलं होतं असं मी म्हणणार नाही. तेवढ्यात कडेला उभ्या असलेल्या एका पोरानं ओरडून सांगितलं, "काका, एकदम फ्रेश दिसताय!"

त्याची चूक नव्हती. त्याला दिसत होती पांढरी टोपी, काळा गॉगल आणि खाली उघडं तोंड. दात दिसत होते ते तो हसू समजला. एरवी रडणाऱ्या माणसाला लोक रडू देत नाहीत, पाणी आणतात, खांदा धरतात, काय झालं विचारतात. मला त्या काचेमागे पुढचे दोन किलोमीटर कुणी काही विचारलं नाही. दारं-खिडक्या लावून घरात बसावं तसा मी पळत होतो.

घरी आल्यावर मी २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमधल्या बायकांच्या मॅरेथॉनची फिल्म शोधून बघितली. जपानची नाओको ताकाहाशी आणि रुमानियाची लिडिया सिमॉन, दोघी शेजारी शेजारी, बराच वेळ. ताकाहाशीच्या डोळ्यांवर गॉगल. चौतीस-पस्तीस किलोमीटरच्या सुमारास ती हात वर नेते, गॉगल काढते, रस्त्याच्या कडेला भिरकावते आणि पुढे निघून जाते. दोन तास तेवीस मिनिटं चौदा सेकंदांत तिनं सुवर्णपदक घेतलं. सिमॉन आठच सेकंद मागे राहिली. लोक म्हणतात तो इशारा होता, आता बघा म्हणून. मला ती हालचाल पाहताना वाटलं, हिनं दार उघडलं. सोळाव्या किलोमीटरला मी तो गॉगल कुणी लाख रुपये दिले तरी काढला नसता. विजेत्यात आणि आमच्यासारख्यात फरक कुठे पडतो, याचा मी लावलेला हा एक हिशेब. बाकीचे हिशेब स्टॉपवॉच लावतंच.

टोपी काढण्याचीही एक गोष्ट आहे. फ्रान्सचा धावपटू अलँ मिमून १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मिळून तीन रौप्यपदकं घेऊन बसला होता, तिन्ही वेळा पुढे एकच माणूस, चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. १९५६ मध्ये मेलबर्नला मॅरेथॉन मिमूननं जिंकली आणि तो तिथेच थांबून झाटोपेकची वाट बघत राहिला. झाटोपेक सहावा आला. मिमूननं सांगितलं, एमिल, मी जिंकलो. तर झाटोपेकनं डोक्यावरची टोपी काढली, सैनिकासारखा कडक सलाम ठोकला आणि मग मिठी मारली. मिमून पुढे आयुष्यभर ही आठवण सांगायचा. हे वाचल्यापासून मी फिनिशला टोपी काढायचं ठरवलं आहे. अजून एकदाही जमलेलं नाही, हात तिथपर्यंत जातच नाहीत.

गोव्याहून परतलो तेव्हा टोपीवर मिठाच्या रेघा उमटल्या होत्या, भरती ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा, एकीच्या वर एक. मला ती तशीच ठेवायची होती. दुसऱ्या दिवशी ती दोरीवर वाळत होती. आईनं धुतली, नीळ घातली आणि खळही दिली. आता ती कुठल्याही डोक्याशिवाय टेबलावर उभी राहते.

आई चौऱ्याऐंशीची आहे. संध्याकाळी तिला मोबाइलवर फोटो दाखवले. एका फोटोवर ती अडकली. तो सोळाव्या किलोमीटरच्या पुढचा असावा, कारण गॉगलच्या खालच्या कडेतून गालावर आलेला एक ओघळ त्यात अगदी स्पष्ट दिसतोय.

"ह्यो कोण?"

"मी."

तिनं मोबाइल डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

"कवा केलंस आपरेशन? बोलला न्हाईस ते."

मी म्हटलं, अगं ऑपरेशन नाही, पळताना घालतात तो. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. बोटानं तो ओघळ पुसून बघितला. फोटो सरकून पुढचा आला, तो तिनं मलाच मागे आणायला लावला.

"पानी येतंय अजून. चोळू नगंस," ती म्हणाली. "आन् म्हैनाभर डोक्यावरनं पानी घिऊ नगं."