तुम्ही विचारलंत म्हणून: सातव्या सामन्याला गोलरक्षक का बदलला

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या आमच्या आइस हॉकी लीगमधील जवळजवळ प्रत्येकाने, आणि टोरोंटोला असलेल्या माझ्या भाच्याने तर दर रविवारच्या फोनवर, मला एकच प्रश्न विचारलेला आहे. मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आलेली, सातवा, निर्णायक सामना आपल्याच रिंकवर, म्हणजे घरच्या बर्फाच्या मैदानावर, आणि अशा वेळी अख्खा हंगाम ज्याच्या जिवावर काढला त्या गोलरक्षकाला बसवून तुम्ही राखीव का उतरवलात? तीन वर्षे मी ‘थकवा’ असे उत्तर देत आलो. ते कोणी मानले नाही आणि कोणी मानत नाही म्हणून मी चिडत आलो. आता एकदाच लिहितो.

थकव्याचे उत्तर सपशेल खोटे नव्हते. आमच्या इंजिनात, म्हणजे सामने खेळवणाऱ्या संगणक-प्रोग्राममध्ये, गोलरक्षकाची दमछाक मोजली जाते, आणि सहाव्या सामन्यानंतर माझ्या गोलरक्षकाचा तंदुरुस्तीचा आकडा शंभरावरून शहाण्णववर आला होता. मात्र शहाण्णववर असतानाही तो राखीव खेळाडूपेक्षा सरस होता, हे मला त्या वेळीही दिसत होते. हंगामभर त्याने शंभरातले ब्याण्णव फटके अडवले होते. राखीव खेळाडू नव्वदावर होता.

खरे कारण पाचव्या आणि सहाव्या सामन्यात आहे. आम्ही मालिकेत 3-1 असे पुढे होतो. त्यानंतरच्या दोन सामन्यांत मिळून त्याच्यावर पंचेचाळीस फटके आले आणि आठ गोल झाले. प्रत्येक फटक्याचा निकाल रेटिंग आणि एक यादृच्छिक संख्या मिळून ठरवतात. मागच्या सामन्यात काय झाले याची इंजिनाला काहीही आठवण नसते. असे दोन वाईट सामने एखाद्या हंगामात लागोपाठ यायचेच. हे सारे मी नव्या मॅनेजरांना स्वतः समजावून सांगितलेले आहे. आपला संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता 55 टक्के असली, तरी सात सामन्यांची मालिका जिंकण्याची शक्यता 61 टक्क्यांच्या आसपासच जाते, म्हणजे शंभरातल्या एकोणचाळीस मालिका सरस संघही हरतो, हे गणितही मीच मांडत असे. मग स्वतःवर वेळ आली तेव्हा ते गणित कुठे गेले, असे भाचा विचारतो. प्रश्न रास्त आहे.

त्या वेळी मी त्याला 1942 चा दाखला दिला होता. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकीच्या स्टॅन्ले कप अंतिम फेरीत टोरोंटो 0-3 असे मागे पडले असताना प्रशिक्षक हॅप डे यांनी गॉर्डी ड्रिलन या आपल्या नामांकित गोलकर्त्यालाच बसवले, आणि टोरोंटोने पुढचे चारही सामने जिंकले. दाखला खरा आहे, पण तो मी द्यायला नको होता. ड्रिलनला बसवलेले पाहून बाकीची माणसे हादरली असतील, पेटून उठली असतील. माझ्या संघात हादरायला माणूसच नव्हता.

आता त्या रात्रीबद्दल. सामन्याची फाईल टोरोंटोच्या रात्री नऊला, म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला चालवतात, आणि तोपर्यंत संघ कितीही वेळा बदलता येतो. शेवटच्या काढणीचे दिवस होते. देवगडात त्या आठवड्यात पाऊस कधी पडेल याच्याच चिंतेत सगळे होते. संध्याकाळी पेट्या भरून झाल्यावर मी रागाच्या भरात राखीव गोलरक्षकाचे नाव घालून संघ पाठवून दिला. मध्यरात्री वारा सुटला, वीज गेली, पाठोपाठ फोनची रेंजही गेली. पुढे मी सर्वांना असे सांगितले की, रात्री माझा विचार बदलला होता, पण रेंजच नव्हती. यावर लोक हळहळले, आणि मी त्यांना हळहळू दिले.

रेंज पहाटे पाच चाळीसला आली होती. आम्ही दोघे बॅटरीच्या उजेडात कलमांखाली पडलेले आंबे वेचत होतो. कॅनिंगच्या, म्हणजे डबाबंद रसासाठी घेतात त्या पडेल भावानेसुद्धा त्यातले किती विकले जातील याचा हिशेब मनात चालला होता. खिशातला फोन एकापाठोपाठ एक वाजू लागला. बायको म्हणाली, “अहो, आधी टोपली धरा.” मी टोपली खाली ठेवली, लाईन-अप उघडला, आणि नेहमीच्या गोलरक्षकाच्या नावावर अंगठा ठेवून उभा राहिलो. माझ्या हातात पन्नास मिनिटे होती. मी नाव बदलले नाही. ज्याचे अस्तित्व दहा-बारा आकड्यांपलीकडे नाही, त्याला मला शिक्षा करायची होती. त्या पहाटे कोणावर तरी रागावणे भागच होते आणि वाऱ्यावर रागावून काही उपयोग नव्हता. ज्याने बर्फ फक्त बंदरावर बांगड्यांच्या पेट्यांत फोडून टाकताना पाहिला, त्याने आइस हॉकीच्या आकड्याशी एवढे वैर धरावे, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

साठ मिनिटांअखेर 2-2 अशी बरोबरी होती. ओव्हरटाइमच्या, म्हणजे पहिला गोल होताच सामना संपणाऱ्या जादा वेळेच्या, अकराव्या मिनिटाला निळ्या रेषेजवळून, म्हणजे बऱ्याच लांबून आलेला एक साधा फटका आमच्या गोलात गेला आणि मालिका संपली. पण राखीव खेळाडूने चौतीसपैकी एकतीस फटके अडवले, म्हणजे तो त्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा चांगलाच खेळला. आम्हाला पाच पॉवर प्ले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाच्या संधी, मिळाले आणि त्यांत एकही गोल झाला नाही, याबद्दल मात्र मला आजवर एकानेही प्रश्न विचारलेला नाही.

पावसात बागेचे काम थांबल्यावर मी ती जपून ठेवलेली फाईल दोन्ही गोलरक्षकांसह शंभर-शंभर वेळा चालवून पाहिली. नेहमीचा असताना छप्पन्न विजय, राखीव असताना एकोणपन्नास. मी भाच्याला आकडे कळवले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, शंभरात सातचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. दहा हजार वेळा चालव, मग कळेल.” त्यासाठी मला फक्त एक रात्र संगणक चालू ठेवावा लागेल. फाईल अजून आहे. तीन पावसाळे झाले, मी ती चालवलेली नाही.