१८०४ नंतरचा हैती: उसाला नकार आणि कॉफीवरचा कर

१ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्हमध्ये हैतीचं स्वातंत्र्य जाहीर झालं. गुलामांनी उठाव करून उभं केलेलं हे राष्ट्र. १७८९ साली या फ्रेंच वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. लढाई जिंकल्यावर त्यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न मला लढाईच्या वर्णनांपेक्षा मोलाचा वाटतो.

लोकांना हवी होती स्वतःची जमीन. राज्यकर्त्यांना हवी होती साखर, कारण फ्रेंच परत येतील ही भीती खरी होती आणि तोफा-दारूगोळ्याला परकीय पैसा लागायचा. साखरेचं गणित मात्र छोट्या शेतकऱ्याला जमणारं नव्हतं. तोडलेला ऊस दिवसा-दीड दिवसात गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. म्हणजे चरक हवा, काहिली हव्यात, जळण हवं आणि हंगामात रात्रपाळीला माणसं हवीत. गुलामीतून सुटलेला माणूस त्या रात्रपाळीला आपखुशीने परत येणार नव्हता.

म्हणून सक्ती आली. तिची सुरुवात तर स्वातंत्र्याआधीच झाली होती. मजूर पैसे एकत्र करून दोन-तीन कारो जमीन विकत घेऊ लागले, तेव्हा १८०१ साली गुलामांच्या उठावाचा सेनानी आणि वसाहतीचा तेव्हाचा कारभारी तूसँ लूव्हेर्तूर याने ५० कारोंच्या आतल्या खरेदीखतांना बंदी घातली. एक कारो म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास; इतकी जमीन घ्यायची ऐपत मजुराकडे कुठून असणार? पुढे देश दोन भागांत फुटला. उत्तरेतला राज्यकर्ता क्रिस्तोफ याने मळे लष्करी शिस्तीत चालवले, मजुरांना मिळून उत्पन्नाचा चौथा हिस्सा. दक्षिणेतला राज्यकर्ता पेतियों याने १८०९ पासून सैनिकांना जमिनी दिल्या, साध्या शिपायाला पाच कारो, म्हणजे सोळाएक एकर. या सगळ्या कारभारात सामान्य माणसाच्या थेट हाती पडलेली मोठी गोष्ट एवढीच.

ज्यांना कागद मिळाला नाही ते डोंगरात गेले आणि पडीक जमिनीवर बसले. सावलीला केळी, खाली कॉफी, मोकळ्या जागेत कसावा, कोनफळ, रताळी, घेवडा. कॉफीला भांडवल लागत नाही. जुन्या मळ्यांतली झाडं रानात वाढतच होती. पेरणी-खुरपणीला शेजारी जमून एकमेकांच्या शेतात राबायचे. त्याला तिथे कोंबीत म्हणतात, आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच. एका अंगणाभोवती भाऊबंदांची घरं, तो लाकू. माल डोक्यावर किंवा गाढवावर लादून बाजारात न्यायच्या त्या बायका.

दोष होता तो मालात. कॉफीची फळं धोपटलेल्या जमिनीवर वाळवून लाकडी उखळात कांडली जायची. त्यात खडे, माती, फुटके दाणे यायचे आणि भाव कमी मिळायचा. धुऊन सोलायचा हौद, फरशीचं खळं यांना पैसा लागतो, आणि तो पैसा वर निघून जात होता.

कुठे, ते पाहा. जुलै १८२५ मध्ये फ्रेंच आरमार राजधानीसमोर उभं राहिलं. स्वातंत्र्याला मान्यता हवी तर मळे आणि गुलाम गमावलेल्या मालकांना १५ कोटी फ्रँक भरपाई द्या, पाच हप्त्यांत. शिवाय फ्रेंच मालावरची जकात निम्मी करा. पहिल्या तीन कोटींसाठी, तोवर पुन्हा एक झालेल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष बॉयेर याने पॅरिसमध्येच तीन कोटींचं कर्ज काढलं. सावकारांनी वीस टक्के कापून हाती दिले २ कोटी ४० लाख. १८२६ साली खास वर्गणी लावली, पण ती धड वसूल झाली नाही. त्याच वर्षी ग्रामसंहिता आली. परवानगीशिवाय मळा सोडायचा नाही, फिरताना कोणी दिसलं तर पोलीस हटकणार. डोंगरात ती राबवणार कोण? शेतकऱ्यांनी ती सरळ मोडीत काढली, आणि हा त्यांचा फार मोठा विजय होता असं मी मानतो.

बंदरात मात्र त्यांची सुटका नव्हती. कॉफीवर निर्यात कर होता. जगाचा भाव बाहेर ठरतो, ब्राझीलचा माल वाढत चाललेला. व्यापारी कर स्वतः कशाला सोसेल? तो अडत्याला तेवढा कमी भाव देई, अडत्या डोंगरातून आलेल्या बाईला. वर सरकारने कागदी नोटा छापल्या. त्यांचं मोल उतरत गेलं, तसं परदेशी कापड आणि खारवलेली मासळी महाग झाली. एकाच पोत्यावर दोनदा मार. १८३८ साली भरपाई कमी करून उरलेले सहा कोटी तीस वर्षांत द्यायचे ठरलं, तरी पैसा यायचा तो कॉफीतूनच.

१८४३ मध्ये बॉयेर पडला. पुढच्या वर्षी दक्षिणेतले शेतकरी लाकडी भाले घेऊन आकाओ नावाच्या पुढाऱ्यामागे ल काय शहरात घुसले. स्वतःला ते ‘पीडितांची सेना’ म्हणवत. जमीन द्या, कॉफीला भाव द्या, बाहेरून येणारा माल स्वस्त करा, या त्यांच्या मागण्या. उठाव आटोक्यात आणला गेला. कॉफीवरचा कर चालूच राहिला.